वापरलेली पोर्शे ९११: कोणती पिढी, किती खर्च

जर्मनीत राहता आणि वापरलेली पोर्शे ९११ घ्यायची आहे? मग जाहिरातीतली किंमत बाजूला ठेवा आणि आधी गाडीची पिढी विचारा. पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो.

१९९८पर्यंत बनलेल्या ९९३ पिढीच्या आणि त्याआधीच्या गाड्यांची इंजिनं हवेने थंड होतात. या गाड्यांना आता संग्राहकांचा भाव आहे. चांगली ९९३ बहुधा ७० हजार युरोंच्या पुढेच. पुढच्या काचेच्या कोपऱ्यांतला गंज आणि इंजिनाखालची तेलगळती स्वतः वाकून पाहा. तीस वर्षं झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला ‘एच’ नंबरप्लेट मिळते आणि कर वर्षाला सरसकट १९१.७३ युरो पडतो. २००४ ते २००८च्या ३.६ लिटर ९९७ला तोच २४३ युरो.

सगळ्यात स्वस्त ९९६, अंदाजे २५ ते ३० हजार युरो. स्वस्त का, तेही समजून घ्या. या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनातलं ‘आयएमएस’ बेअरिंग फुटलं तर धातूचे तुकडे तेलात जातात आणि इंजिन संपतं. प्रत्येक गाडीत असं होत नाही, पण झालं तर गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा दुरुस्तीत जातो. बेअरिंग बसतं क्लच आणि फ्लायव्हीलच्या मागे. म्हणून क्लच बदलताना बेअरिंग आणि तिथलं ऑइल सीलही बदलून घ्या. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच लागेल. विक्रेता ‘बदललंय’ म्हणाला तर गॅरेजचं बिल मागा. त्यावर तारीख, किलोमीटर आणि चेसिस नंबर हवा. बिल नसेल तर बदललेलं नाही असंच धरा आणि तेवढी रक्कम कमी करून घ्या.

२००४ ते २००८च्या ९९७मध्ये जास्त धास्ती सिलिंडरच्या भिंतीवरच्या ओरखड्यांची. थंड इंजिनाची टकटक, एकाच बाजूच्या सायलेन्सरवर काजळी, तेल वारंवार भरावं लागणं, ही लक्षणं. आत कॅमेरा घालून तपासणी करून घेतल्याशिवाय इसारही देऊ नका. इंजिन उघडावं लागलं तर बिल पाच आकडी येतं.

२००८च्या मध्यात ९९७ला नवं इंजिन आलं. त्यात आयएमएस बेअरिंगच नाही आणि ओरखड्यांच्या तक्रारीही क्वचित. पैसे मर्यादित असतील तर हीच घ्या, असं मी ठामपणे सांगेन. मात्र २००८ साली जुनी-नवी दोन्ही इंजिनं विकली गेली, त्यामुळे नोंदणीच्या वर्षावर विसंबू नका. कॅरेरा ऑटोमॅटिक असेल तर खूण सोपी: टिपट्रॉनिक म्हणजे जुनं इंजिन, पीडीके म्हणजे नवं. मॅन्युअल असेल तर मागचे दिवे पाहा. नवीत ते एलईडी आहेत.

२०११नंतरची ९९१ आणि त्यापुढची ९९२ इंजिनाच्या बाबतीत कमी छळतात. पैसे जातात टायर, ब्रेक आणि मजुरीत. ब्रेक कॅलिपर पिवळे असतील तर डिस्क सिरॅमिकच्या असण्याची शक्यता मोठी, आणि त्या बदलायला हजारो युरो लागतात. तुलनेसाठी: २०२४मध्ये नव्या कॅरेराची मूळ किंमत १,२८,७०० युरोंपासून होती, ऑप्शन वेगळे.

तपासणी विक्रेत्याच्या ओळखीच्या गॅरेजात नको. पोर्शेचं काम करणारं स्वतंत्र गॅरेज काही शे युरोंत ती करतं. मॅन्युअल गाडीत इंजिन कंट्रोल युनिटचा ओव्हररेव्ह रिपोर्ट, म्हणजे इंजिन मर्यादेबाहेर फिरवल्याची नोंद, आवर्जून मागा. टायरच्या ‘डीओटी’ क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. टायर जुने असतील तर चारही नव्या टायरचा खर्च धरा. हिवाळ्यात चालवणार असाल तर वेगळा विंटर संचही.

कागदपत्रं: नोंदणीचा भाग १ आणि भाग २, मुदतीतला एचयू तपासणी अहवाल, सर्व्हिसची बिलं, दोन्ही चाव्या, लेखी करार. नोंदणीसाठी तुमचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि विमा कंपनीचा ईव्हीबी क्रमांक.

डीलरच्या करारात ‘इम कुंडनआउफट्राग’ हे शब्द दिसले की थांबा. त्याचा अर्थ, डीलर दुसऱ्याची गाडी विकून देतोय. मग त्याच्याकडून मिळणारी किमान वर्षभराची कायदेशीर दोषहमी हातची जाऊ शकते. ‘उनफालफ्राय’, म्हणजे अपघातमुक्त, हा शब्दही करारात लिहून घ्या.

फक्त उन्हाळ्यात चालवणार असाल तर हंगामी नंबरप्लेट घ्या. कर त्याच महिन्यांचा, विमाही स्वस्त. बाकीचे महिने गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभी करता येत नाही, म्हणून गॅरेजचं भाडं हिशेबात धरा.

आणि परतताना ती भारतात न्यायचा बेत नको. तिथे वापरलेली गाडी उजव्या स्टीअरिंगची आणि तीन वर्षांच्या आतली असावी लागते. जर्मनीतली जवळपास प्रत्येक ९११ डाव्या स्टीअरिंगची असते.