उभ्या मोटारीची बॅटरी कां उतरते?

नाणेघाटाच्या माथ्याजवळील घाटघर गांवीं पावसाळ्यांत एखादी मोटार महिनाभर उभी राहिली, आणि रात्रीं रोग्यास जुन्नरास नेण्याच्या वेळीं ती सुरूच झाली नाहीं, तर केवढा अनर्थ! म्हणून याचें कारण आपण पाहूं.

बॅटरींत शिशाचे पत्रे व पातळ गंधकाम्ल असलेले सहा कप्पे असतात. भरलेली बॅटरी विश्रांत स्थितींत सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. १२ च्या खालीं ती जवळजवळ रिती समजावी. गाडी बंद असतांही घड्याळ, चोरघंटा इत्यादिकांस थोडा प्रवाह लागतोच. तो ५० मिलिअँपिअर धरिला, तर तीस दिवसांत ३६ अँपिअर-तास खर्च होतात. ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरींत बाकी काय उरेल, हें विद्यार्थ्यांनींच काढावें. रिती बॅटरी तशीच ठेविल्यास पत्र्यांवर सल्फेटाचे कठीण स्फटिक जमून ती कायमची निकामी होते.

दोष शोधण्यास गाडी बंद करून ऋण अग्र व त्याची तार यांमध्यें प्रवाहमापक जोडावा. अर्ध्या तासानेंही आंकडा ५० हून पुष्कळ अधिक असल्यास एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्यानें आंकडा उतरेल, त्याच वाटेनें गळती आहे. या वेळीं गाडी मुळींच सुरू करूं नये.

आठवड्यांतून एकदां अर्धा तास तरी गाडी चालवावी. फार दिवस उभी ठेवणें असल्यास ऋण तार सोडून ठेवावी.

दृष्टांतांतील पांच मूर्ख कुमारींस तेलाची उणीव मध्यरात्रींच कळली. शेजाऱ्याच्या संकटकाळीं आपला दिवा तयार असावा, हेंच आमचें सांगणें.