बालकाचे पहिले वर्ष : वाढीचे मोजमाप आणि विकासाचे टप्पे

बालकाचा पहिला वाढदिवस हा महाराष्ट्रातील घराघरांत आनंदाचा दिवस असतो. बारसे, उष्टावण, बोरनहाण, जावळ अशी एकेक पायरी चढत बालक वर्षाचे होते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया त्याचे औक्षण करतात आणि त्याच्या दीर्घायुष्याची कामना करतात. या कामनेला मोजमापाची जोड मिळणे अगत्याचे आहे. वर्ष पूर्ण झालेल्या बालकाचे वजन किती, लांबी किती, ते कोणत्या हालचाली करू लागले, हाक मारली असता वळून पाहते किंवा नाही, या चार-पाच गोष्टींवरून त्याच्या गेल्या बारा महिन्यांचा ताळेबंद मांडता येतो. पुढील वर्षात कोणती काळजी घ्यावयाची, याचीही दिशा त्यातूनच मिळते.

मानवी आयुष्यात जन्मानंतर इतक्या वेगाने वाढ पुन्हा कधीही होत नाही. म्हणूनच या काळात पडलेली तूट पुढे भरून काढणे कठीण जाते. शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि पंचायत सदस्य या सर्वांना या विषयाची प्राथमिक माहिती असणे त्यामुळेच आवश्यक ठरते.

शरीराची वाढ

पूर्ण दिवसांच्या बालकाचे जन्मवजन साधारणतः अडीच ते साडेतीन किलो असते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बालक कमी वजनाचे मानले जाते. निरोगी बालकाचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षअखेरीस सुमारे तिप्पट होते. जन्माच्या वेळी सुमारे ५० सेंटिमीटर असलेली लांबी वर्षभरात जवळजवळ २५ सेंटिमीटरने वाढते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली बालवाढीची मानके प्रसिद्ध केली. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील बालकांच्या अभ्यासावर ती आधारलेली आहेत. योग्य आहार, स्तनपान व आरोग्यसेवा मिळाल्यास निरनिराळ्या देशांतील बालके लहानपणी जवळजवळ सारखीच वाढतात, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष होय. ‘आपल्याकडची मुले लहानखुरीच असतात’ ही समजूत त्यामुळे निराधार ठरते. या मानकांनुसार वर्षाच्या मुलाचे मध्यम वजन ९.६ किलो आणि मुलीचे ८.९ किलो असते. लांबी मुलाची सुमारे ७५.७ सेंटिमीटर व मुलीची ७४ सेंटिमीटर असते. मुलाचे वजन ७.७ किलोपेक्षा किंवा मुलीचे ७ किलोपेक्षा कमी भरल्यास ते बालक वयाच्या मानाने कमी वजनाचे समजले जाते.

डोक्याचा घेर जन्माच्या वेळी ३४ ते ३५ सेंटिमीटर असतो. वर्षअखेरीस तो ४५ ते ४६ सेंटिमीटरपर्यंत पोहोचतो. मेंदूच्या झपाट्याने होणाऱ्या वाढीचे हे बाह्य गमक होय. जन्मतः छातीचा घेर डोक्यापेक्षा कमी असतो. वर्षाच्या सुमारास दोन्ही घेर जवळजवळ सारखे होतात आणि पुढे छाती मोठी होते. डोक्यावरील पुढची टाळू बहुधा ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान भरून येते. बहुतेक बालकांना या वेळी सहाच्या आसपास दात आलेले असतात. मात्र दात उशिरा येणे हे एकटेच आजाराचे लक्षण नव्हे.

आलेख कसा वाचावा

एका दिवसाच्या वजनापेक्षा अनेक महिन्यांच्या वजनांची रेषा अधिक बोलकी असते. माता-बाल संरक्षण कार्डावरील वाढीचा आलेख याच कारणासाठी असतो. एक उदाहरण घेऊ. समजा, एका मुलीचे वजन सहाव्या महिन्यात ६.८ किलो, नवव्या महिन्यात ७.३ किलो आणि बाराव्या महिन्यात ७.४ किलो भरले. ७ किलोच्या मर्यादेपेक्षा ते अधिक असल्याने तिची नोंद ‘साधारण’ या गटातच होईल. परंतु नऊ ते बारा या तीन महिन्यांत मध्यम वजनाच्या मुलीचे वजन सुमारे ७०० ग्रॅमने वाढते. या मुलीचे केवळ १०० ग्रॅमने वाढले आहे. आलेखाची चढती रेषा आडवी झाली आहे. आकडा गटात बसतो म्हणून ही नोंद तशीच पुढे गेली, तर आणखी दोन-तीन महिन्यांनी तीच मुलगी कमी वजनाच्या यादीत दिसू शकते. रेषा आडवी होताच मातेशी बोलणे, आहाराची चौकशी करणे, जुलाब, ताप, खोकला होऊन गेला काय हे पाहणे, हेच खरे प्रतिबंधक काम होय.

वजनाइतकीच लांबीची नोंद महत्त्वाची आहे. वजन आजारपणात घटते आणि नंतर भरूनही येते; लांबीतील तूट मात्र दीर्घकाळ अपुऱ्या पोषणाची साक्ष देते. दोन वर्षांखालील बालकाची लांबी त्याला निजवूनच मोजावी. उभे करून मोजल्यास ती सुमारे ०.७ सेंटिमीटरने कमी भरते. वजन करण्यापूर्वी काटा शून्यावर आहे याची खात्री करून घ्यावी आणि बालकाच्या अंगावर कमीत कमी कपडे असावेत. चुकीचे माप हे माप न घेण्याइतकेच हानिकारक ठरते.

सहा महिन्यांपुढील बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास ते तीव्र कुपोषित समजावे व त्याची विनाविलंब आरोग्य तपासणी करावी. दोन्ही पायांवर सूज असल्यास दंडघेर कितीही भरला तरी हाच नियम लागू होतो.

हालचालींचे टप्पे

बालकाच्या हालचालींचा विकास डोक्याकडून पायांकडे होत जातो. आधी मान धरणे, मग पालथे पडणे, बसणे, रांगणे, धरून उभे राहणे आणि शेवटी चालणे, असा हा सामान्य क्रम आहे. प्रत्येक टप्प्याची वेळ मात्र बालकागणिक बदलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी बालके आधाराशिवाय सुमारे ४ ते ९ महिन्यांत बसू लागली. रांगू लागण्याचा काळ सुमारे ५ ते साडेतेरा महिने आणि एकट्याने चालण्याचा काळ सुमारे ८ ते साडेसतरा महिने असा आढळला. काही बालके तर रांगण्याचा टप्पा वगळूनच उभी राहिली. वाढदिवशी बालक चालत नाही म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. शेजारच्या मुलाशी तुलना करून मातेला दूषण देणे तर सर्वथा अनुचित होय.

वर्षाच्या सुमारास बालक खाट, भिंत किंवा पेटी धरून उभे राहते आणि तिच्या कडेने पावले टाकते. बोटांचे कौशल्य याच काळात येते. पूर्वी मुठीने वस्तू ओढणारे बालक आता अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत चुरमुरा उचलते. डब्यात वस्तू टाकणे, पुन्हा काढणे, वाटीवर वाटी आपटणे हे त्याचे शिक्षणच असते. त्यासाठी महागड्या खेळण्यांची गरज नाही. घरातील पळी, झाकण, कापडी चेंडू पुरेसे आहेत.

लाकडी पांगुळगाडा बालक स्वतः उभे राहून ढकलते. बालकाला आत बसवून फिरविण्याचा चाकांचा वॉकर मात्र टाळावा. त्याने चालणे लवकर येत नाही. उलट उंबरठ्यावरून वा पायरीवरून पडणे, चुलीपर्यंत पोहोचणे असे अपघात संभवतात.

भाषा आणि समज

या वयात बालक स्वतःच्या नावाला प्रतिसाद देते, ‘नको’ म्हटल्यास क्षणभर थांबते, टाटा करते, टाळ्या वाजविते. ‘आई’, ‘बाबा’ यांसारखा एखादा शब्द ते अर्थासह उच्चारू लागते. कापडाखाली लपविलेली वस्तू ते शोधून काढते. नजरेआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही हे त्याला उमगलेले असते. परका माणूस दिसताच ते आईला बिलगते. हा हट्टीपणा नसून ओळख व आपलेपणा यांच्या जाणिवेचा पुरावा आहे.

भाषा ऐकून येते. अंघोळ घालताना, भरविताना, कामे करताना बालकाशी बोलत राहणे हाच भाषाशिक्षणाचा पहिला पाठ होय. घरात गोंडी, कोरकू, भिली अथवा अहिराणी बोलली जात असेल, तर त्याच भाषेत बोलावे. जेवताना मोबाईल हाती देण्याची सवय मात्र या संवादालाच मारक ठरते. एक वर्षाखालील बालकाला पडद्यासमोर मुळीच बसवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सुचविले आहे.

दुर्लक्ष करू नये अशा खुणा

विकासाचा वेग निराळा असला, तरी काही खुणा दिसताच तपासणी करून घेणे आवश्यक असते. वर्षाचे बालक आधार देऊनही उभे राहत नाही, रांगताना शरीराची एकच बाजू ओढते, एकच हात वापरते, आवाजाकडे वळत नाही, नजर देत नाही, कोणत्याही खाणाखुणा करत नाही, किंवा पूर्वी येत असलेली गोष्ट विसरते, या त्या खुणा होत. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बालकाबाबत हिशेब थोडा वेगळा करावा लागतो. दोन महिने आधी जन्मलेल्या बालकाकडून वाढदिवशी दहा महिन्यांच्या बालकाइतकीच अपेक्षा ठेवावी.

‘होईल मोठेपणी ठीक’ असे म्हणून वाट पाहण्यात मोलाचा काळ वाया जातो. ऐकू न येणाऱ्या बालकाला लवकर श्रवणयंत्र मिळाले तर ते बोलू शिकण्याची शक्यता पुष्कळ वाढते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची फिरत्या पथकामार्फत वर्षातून दोनदा तपासणी करण्याची आणि गरजेनुसार जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची तरतूद आहे.

आहार व लसीकरण

सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर दुधासोबत वरचा आहार, हे सूत्र आता बहुतेकांना माहीत आहे. अडचण येते ती वरच्या आहाराच्या प्रमाणात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ६ ते २३ महिन्यांच्या बालकांपैकी केवळ ११ टक्के बालकांना पुरेसा आहार मिळत असल्याचे दिसून आले. याच फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५ टक्के बालके वयाच्या मानाने बुटकी आणि सुमारे २६ टक्के लुकडी आढळली.

डाळीचे वरचे पाणी, पातळ पेज यांनी पोट भरते. पोषण होत नाही. वर्षाच्या बालकाला दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी पाऊण ते एक वाटी घट्टसर अन्न आणि मधून एक-दोनदा खाऊ द्यावा. वाटी २५० मिलिलिटरची धरावी. मऊ वरण-भात व तूप, खिमट, दुधात कुस्करलेली भाकरी, नाचणीचे सत्त्व, शिजवून कुस्करलेली भाजी, केळे, अंडे हे पदार्थ घरोघरी करता येण्याजोगे आहेत. मांसाहारी घरात मऊ शिजवलेली मासळीही काटे काढून द्यावी. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत व पुढेही चालू ठेवावे. वर्ष पूर्ण होण्यापूर्वी मध चाटवू नये. अख्खे शेंगदाणे, फुटाणे घशात अडकण्याची भीती असते, म्हणून ते देऊ नयेत.

नऊ महिने पूर्ण होताच गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस दिला जातो. वाढदिवशी कार्ड उघडून राहिलेल्या लसी पाहाव्यात. पुढील मात्रा १६ ते २४ महिन्यांत द्यावयाच्या असतात, हेही मातेला सांगावे.

गावाची जबाबदारी

आदिवासी पाड्यांतील अंगणांत बालशिक्षण नेण्याचा प्रयोग ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्याच्या तेव्हाच्या हद्दीतील बोर्डी-कोसबाड परिसरात केला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द सर्वमुखी झाला. आज काटा, आलेख आणि सेविका गावोगाव उपलब्ध आहेत. प्रश्न आहे तो नोंदीवरून कृती होण्याचा.

२०१८ पासूनच्या गृहभेट कार्यक्रमानुसार आशा कार्यकर्तीने बालकाच्या ३, ६, ९, १२ व १५ महिन्यांच्या वयात घरी जावयाचे असते. बाराव्या महिन्याची भेट वाढदिवसाच्या सुमारासच येते. ग्रामपंचायतीने महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावयाच्या १० टक्के निधीचा विचार करताना वजनकाटा, लांबीमापक, पिण्याचे स्वच्छ पाणी व अंगणवाडीची डागडुजी यांना अग्रक्रम देता येईल. मासिक बैठकीत एकच प्रश्न नियमाने विचारला जावा : गेल्या दोन महिन्यांत किती बालकांचे वजन वाढले नाही, आणि त्यांच्या घरी कोण जाऊन आले? शेतमजुरी, ऊसतोडणी अथवा वीटभट्टीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना निघण्यापूर्वी कार्ड सोबत देण्याची दक्षता घ्यावी.

आणखी एक लहान पण मोलाचे काम आहे. जन्मनोंद करताना पुष्कळदा बालकाचे नाव ठरलेले नसते. ते जन्मनोंदीत समाविष्ट करण्यास नोंदणीच्या दिनांकापासून १२ महिन्यांपर्यंत विलंबशुल्क लागत नाही. वाढदिवस जवळ येताच ग्रामसेवकाने अशा नोंदी पाहून पालकांना कळविल्यास शाळाप्रवेशाच्या वेळची पायपीट वाचेल.

पहिल्या वर्षाचे पालनपोषण बव्हंशी मातेच्या हाती असते. परंतु तिला वेळ, पुरेसे अन्न, विश्रांती आणि योग्य सल्ला मिळणे हे कुटुंबाच्या व गावाच्या हाती असते. घरातील पुरुषांनी भरविणे, खेळविणे व दवाखान्यात नेणे यांत वाटा उचलला, तर मातेचा भार पुष्कळ हलका होतो. औक्षणाच्या ताटाशेजारी त्या दिवशी बालकाचे कार्डही ठेवले जावे आणि त्यावरील रेषा चढती आहे ना, हे घरातील प्रत्येकाने पाहावे.