आधी नांदेडची टूर, मग प्रमाणपत्र

लातुरात बारावीनंतर नीट आणि जेईई ही वाट ठरलेलीच असते. ज्यांना त्या वाटेने जायचे नाही, पण माणसांत राहायला आणि गावे बघायला मनापासून आवडते, त्या मुलामुलींसाठी ही कृती आहे. पर्यटनाच्या क्षेत्रात शिरायचे तर आधी मोठ्या शहरात जाऊन भरमसाट फी भरावी लागते, असा आपल्याकडे समज आहे. माझे मत उलटे आहे. शिखांच्या पाच तख्तांपैकी एक, सचखंड श्री हुजूर साहिब, आपल्या शेजारीच नांदेडला आहे. गुरू गोबिंदसिंगजींनी 1708 साली इथेच देह ठेवला. त्यामुळे पंजाबातून आणि परदेशातून यात्रेकरू बारा महिने येतात. शिकण्यासाठी याहून चांगली जागा मराठवाड्यात नाही.

सुरुवात वही घेऊन फिरण्याने करा. माहूर, औंढा नागनाथ, कंधारचा किल्ला, होट्टलची मंदिरे. लातूरकरांनी खरोसा लेणी, औसा आणि उदगीरचे किल्ले. शक्यतो एसटीने जा, म्हणजे रस्ता आणि वेळ अंगवळणी पडतात. इतिहास पुस्तकात मिळेल. वहीत लिहायचे ते वेगळे: माहूरला रेणुकेच्या पायऱ्या चढताना म्हाताऱ्या माणसाला कुठे टेकता येते, बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह नेमके कुठे आहे, गाडी कुठपर्यंत जाते, गर्दी कोणत्या वाराला होते, दुपारी दोननंतर जेवण कुठे मिळते. पाहुणा हेच विचारतो.

मग कागदावर एक टूर बांधा. अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेसने सहा जणांचे कुटुंब आले आहे असे धरा. एवढ्या लांबच्या प्रवासानंतर त्यांना पहिला दिवस नांदेडातच ठेवा: सचखंड, शहरातले इतर गुरुद्वारे, संध्याकाळी गोदाकाठ. दुसऱ्या दिवशी बिदरचा नानक झिरा गुरुद्वारा. गाडी कर्नाटकात जाणार, म्हणून परवान्याचे गाडीमालकाला आधीच विचारा. तिसऱ्या दिवशी त्यांना आवडेल तर औंढा.

आता हिशेब, आणि इथे घाई करू नका, कारण बहुतेक नवखे इथेच अडखळतात. बाहेरगावी जाणाऱ्या गाडीला दिवसाला किमान 300 किलोमीटर धरून भाडे लावण्याची पद्धत आहे, गाडी कमी धावली तरी. समजा दर किलोमीटरला 18 रुपये आहे. दोन दिवसांचे 10,800 झाले. ड्रायव्हरचा भत्ता 800, टोल आणि पार्किंग 600. एकूण 12,200, म्हणजे सहा जणांत माणशी सुमारे 2,033 रुपये. ऐन वेळी दोघे गळाले तर तेच माणशी 3,050 होतात, कारण गाडीचा खर्च माणसे कमी झाली म्हणून कमी होत नाही. जेवणाचा खर्च मात्र डोक्यामागे घटतो, आणि खोलीचा जोडीमागे. म्हणून हे तीन खर्च वेगळ्या रकान्यांत मांडा आणि भाव सांगताना ‘किमान इतकी माणसे असतील तर’ हे लेखी द्या. जो हा तक्ता बिनचूक करतो, त्याला टूर कंपनीत बसवता येते. असे पाच-सहा तक्ते तयार झाले की पुढे चला.

त्यानंतर गावातल्याच एखाद्या ट्रॅव्हल ऑफिसात एक सीझन काम मागा, पगार थोडा असला तरी. तिथले रोजचे नियम आधी शिकून घ्या. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते (1 नोव्हेंबर 2024 पूर्वी ही मुदत 120 दिवसांची होती). तत्काळ आदल्या दिवशी, एसीसाठी सकाळी 10 ला आणि इतर वर्गांसाठी 11 ला. पहिली 30 मिनिटे एजंटांना बुकिंग करता येत नाही, हा 2025 चा नियम गिऱ्हाइकाला आधी सांगावा लागतो. विमानतळांची तीन अक्षरी नावे पाठ करा: नांदेड एनडीसी, हैदराबाद एचवायडी, अमृतसर एटीक्यू. एक गोष्ट कळकळीने सांगतो: स्वतःच्या खाजगी आयआरसीटीसी खात्यावरून लोकांची तिकिटे काढून वर पैसे घेऊ नका. रेल्वे कायद्याच्या कलम 143 खाली तो गुन्हा आहे, आणि आपल्याकडची कितीतरी पोरे अजाणतेपणी त्यात सापडतात.

हे चालू असतानाच प्रमाणपत्र घ्या. बारावीनंतर इग्नूचा पर्यटनाचा प्रमाणपत्र किंवा पदविका अभ्यासक्रम घरी राहून होतो. गाइड व्हायचे असेल तर केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा ऑनलाइन अभ्यासक्रम पाहा. परवान्याशिवाय वेरूळ-अजिंठ्याला गाइड म्हणून उभे राहू नका. पदवीनंतर एमबीए करायचे तर 1983 पासूनची सरकारी संस्था आहे, आयआयटीटीएम; मुख्य केंद्र ग्वाल्हेरला, एक गोव्यातही. ‘विमानतळावर नोकरीची शंभर टक्के हमी’ असे फलक लावणाऱ्या क्लासला फी देण्याआधी मागच्या तुकडीतल्या चार मुलांना फोन करा, ते आज कुठे काम करतात ते विचारा. नंबर द्यायला क्लासने टाळाटाळ केली तर पैसे देऊ नका.

भाषेत आपण श्रीमंत आहोत. नांदेडच्या पोराला मराठी, हिंदी, दखनी येते, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीरला कन्नड कानावर असते. त्यात पंजाबी बोलणे आणि गुरुमुखी वाचणे घाला. इंग्रजीसाठी रोज एक स्थळ पाच मिनिटे मोठ्याने सांगा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. गुरुद्वाऱ्यात डोके झाकणे, जोडे काढून हातपाय धुणे, तंबाखू जवळ न ठेवणे, हे पाहुण्याला सांगण्याआधी स्वतः पाळा.

आता अर्ज. 36 पानी पासपोर्ट 1,500 रुपयांत निघतो, तो आधीच काढून ठेवा. केसरी, वीणा वर्ल्ड अशा मराठी कंपन्यांना मराठी पर्यटकांना सांभाळणारी माणसे लागतात. उन्हाळ्याच्या सहलींसाठी जानेवारीतच विचारणा करा. अर्जासोबत प्रमाणपत्राच्या वर तुमची नांदेड-बिदरची टूर जोडा, खर्चाच्या तक्त्यासकट. मुलाखतीत ‘पाहुणा आजारी पडला तर?’ असे विचारतील. दवाखाना, घरच्यांना फोन, बाकी गटाची पुढची सोय, ऑफिसला कळवणे, या क्रमाने बोला.