अधिक जपणूक मागणारे मूल

काही अर्भके दूध पिऊन झाले की निजतात आणि जागी झाली तरी हातपाय हालवीत स्वस्थ पडून राहतात. काहींची तऱ्हा मात्र वेगळी असते. खाली ठेवताच ती रडू लागतात. किंचित आवाजाने त्यांची झोप मोडते, भुकेची व निजेची वेळ ठरत नाही. अशा मुलाच्या आईला दोन आरोप ऐकावे लागतात : तिने मुलाला लाडावले आहे, किंवा तिला मूल सांभाळता येत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांचा कलही मुलाच्या वर्तनदोषांचे मूळ आईत शोधण्याकडे होता. अलेक्झांडर थॉमस व स्टेला चेस या तज्ज्ञ दांपत्याला ते पटेना. १९५६ साली त्यांनी न्यूयॉर्क येथे शंभराहून अधिक मुलांचे तान्हेपणापासून निरीक्षण आरंभिले. चपळता, नियमितपणा, नव्याशी जुळवून घेण्याची शक्ती, भावनांची तीव्रता अशी नऊ लक्षणे त्यांनी तपासली. सुमारे ४० टक्के मुले ‘सोपी’, १५ टक्के ‘हळूहळू रुळणारी’ आणि १० टक्के ‘अवघड’ आढळली. उरलेली कोणत्याही एका गटात बसेनात. हे भेद पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागत. ते केवळ आईवडिलांच्या वागणुकीतून उद्भवलेले नव्हते.

मात्र ‘अवघड’ मुलाचे भवितव्य स्वभावानेच ठरते, असेही दिसले नाही. मुलाचा स्वभाव आणि घरच्यांच्या अपेक्षा यांचा मेळ बसला की मूल नीट वाढते, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष होय.

हा मेळ साधता येतो. नेदरलंड्समधील संशोधिका डिम्फना व्हान डेन बोम यांनी चिडचिड्या अर्भकांच्या गरीब घरांतील मातांना मुलाच्या खुणा ओळखून प्रतिसाद देण्यास शिकविले. त्यांचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. ही मुले वर्षाची झाली तेव्हा, असे शिक्षण न मिळालेल्या मातांच्या मुलांपेक्षा, त्यांच्यापैकी कितीतरी अधिक मुलांना आईविषयी निर्धास्त ओढ वाटत होती.

मूल फार रडत असेल तर त्यामागे आजार नाही, याची प्रथम डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी. त्यानंतर मूल कशाने बिथरते व कशाने शांत होते, हे काही दिवस पाहावे. उजेड, गोंगाट व माणसांची वर्दळ कमी करावी. नवी गोष्ट हळूहळू पुढे आणावी. तान्ह्याला रडताक्षणी उचलल्याने ते बिघडत नाही.

आईच्या शक्तीलाही मर्यादा असते. वडील, आजी वा अन्य कोणी मुलाला काही वेळ घेतले पाहिजे. संताप अनावर झाल्यास मुलाला सुरक्षित जागी उताणे निजवून काही मिनिटे दूर जावे. गदागदा हालविल्यास त्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. क्षणभर दूर जाणे म्हणजे मुलाची हेळसांड नव्हे. त्याची जपणूक पुढे चालू ठेवण्यासाठी आईला तेवढी उसंत आवश्यक असते.