वामनाने बळीवर अन्याय केला का?

प्रश्न : बळीराजा दानशूर होता, दिलेला शब्द पाळणारा होता. मग बटूचे रूप घेऊन त्याचे सर्वस्व काढून घेणारा देव न्यायी कसा?

उत्तर : हा प्रश्न विचारणे म्हणजे अश्रद्धा, असे कुणी म्हणाले तर त्याने भागवताचा आठवा स्कंध उघडावा. हा आक्षेप तिथे खुद्द ब्रह्मदेवच घेतो. बळी वरुणपाशात बांधलेला आहे आणि ज्याने सारे अर्पण केले त्याला ही शिक्षा का, असे ब्रह्मदेव विचारतो.

त्याआधी शुक्राचार्यांनी बळीला सावध केले होते : हा बटू विष्णू आहे, तीन पावले भूमी देण्याचा शब्द फिरव. बळीने फिरवला नाही. दोन पावलांत त्रैलोक्य गेल्यावर तिसऱ्यासाठी त्याने मस्तक पुढे केले.

बळीने इंद्राचे राज्य जिंकून घेतले होते आणि ते परत मिळावे म्हणून इंद्राची आई अदितीने व्रत केले होते, हे परंपरेचे समर्थन ठाऊकच आहे. पण तेवढ्याने कपटाचा डाग पुसला जात नाही. कथा खरी उलगडते ती पुढे : बळीला सुतल हा पाताळलोक मिळतो, सावर्णी मन्वंतरात इंद्रपदाचे वचन मिळते आणि विष्णू त्याचा द्वारपाल होतो. याचकाने दात्याच्या दारी पहारा करायचा! देव इथे स्वतःलाही बांधून घेतो.

हे उत्तर सर्वांना पटले नाही. महात्मा फुल्यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त वामनाला आक्रमक ठरवले आणि बळीला रयतेचा राजा मानले. तो आक्षेप भक्तांनी टाळू नये. महाराष्ट्रात आजही बलिप्रतिपदेला पूजा बळीची होते.