चुन्याची भिंत आणि मुलांचे रंग

काशीत मणिकर्णिकेकडून उत्तरेस चालू लागले की प्रथम शिंदे घाट लागतो, त्याला लागून संकठा घाट आणि थोड्याच अंतरावर भोसले घाट. बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास उभारलेला घाट एका बाजूस आणि नागपूरकर भोसल्यांचा घाट दुसऱ्या बाजूस, अशा शेजारात हे स्थान आहे. संकठा देवीच्या मंदिराभोवतीच्या गल्ल्यांपासून पुढे दुर्गा घाट, ब्रह्मा घाटापर्यंतच्या जुन्या वस्तीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. चुनारचा दगड, बारीक लाखौरी विटा, चुन्याचा दर्जा, जाड भिंती आणि मध्ये उघडा चौक, अशी इथल्या जुन्या घरांची घडण. अशा घरात चार-पाच वर्षांच्या बालकासाठी एखादी खोली वेगळी काढली जाते आणि त्याच्या आवडीचा लालभडक किंवा पिवळाधमक रंग तिला द्यावा, असा बेत ठरतो. हौस रास्त आहे. मात्र ती पुरी करण्याआधी भिंतीची प्रकृती, खोलीतील उजेड आणि रंगाच्या डब्यातील द्रव्ये, या तीन गोष्टींची माहिती असणे आवश्यक असते.

प्रथम भिंत. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगडासारखा कठीण होतो. पण त्याची सूक्ष्म छिद्रे मोकळी राहतात आणि भिंतीतील ओल त्यांतून बाहेर पडते. नदीकाठी ओलीचा प्रश्न कायमचा आहे. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी सुमारे ७१.२६ मीटर मानली जाते आणि १९७८ च्या पुरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. पूर ओसरला तरी पायातील ओल वर्षभर वर चढतच राहते. अशा भिंतीवर चकचकीत ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट चढविला की तिचा श्वास कोंडतो. ओल आपल्याबरोबर क्षार आणते, ते रंगाच्या पापुद्र्यामागे साचतात, भिंतीला लोणा लागतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत रंगाला फोड येऊन खपल्या गळू लागतात. गृहदुरुस्तीसाठी कर्ज घेणाऱ्या ग्राहकाने अंदाजपत्रकात म्हणूनच ओल थांबविण्याचा खर्च आधी मांडावा व रंगाचा नंतर. बहुधा नेमके उलटे घडते.

गळणाऱ्या खपल्या म्हणजे केवळ कुरूपता नव्हे. बालकाच्या खोलीत त्यांचा संबंध थेट आरोग्याशी येतो, आणि तोही विशेषतः मुलांच्या आवडत्या रंगांमुळे. तेजस्वी पिवळा व नारिंगी रंग मिळविण्यासाठी लेड क्रोमेट या शिशाच्या संयुगाचा वापर दीर्घकाळ होत आला. मारुतीच्या व गणपतीच्या मूर्तींना लावला जाणारा पारंपरिक शेंदूर हाही शिशाचेच ऑक्साइड आहे. तो देवाच्या अंगावर शोभतो; रांगत्या मुलाच्या हाताशी असू नये. शिसे वाढत्या मेंदूस बाधक ठरते. बुद्धीचा विकास, एकाग्रता व वर्तन यांवर त्याचा परिणाम होतो आणि झालेली हानी सहसा भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानता येत नाही, आणि पोटात गेलेले शिसे लहान मुलांच्या शरीरात प्रौढांच्या तुलनेत चार ते पाच पट शोषले जाते. खपली तोंडात घातलीच पाहिजे असेही नाही. जमिनीवरील धूळ हाताला लागते, हात तोंडात जातो, एवढे पुरेसे असते.

भारत सरकारने २०१६ मध्ये नियम करून घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी ठरविली आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून त्याहून अधिक शिसे असलेल्या रंगांचे उत्पादन निषिद्ध झाले. तसा उल्लेख डब्यावर असावा लागतो. तो वाचूनच डबा घ्यावा. सुटा, बिननावाचा रंग स्वस्त पडला तरी बालकाच्या खोलीत आणू नये. खरी अडचण मात्र नव्या डब्याची नसून जुन्या थरांची आहे. ज्या घराच्या दारे-खिडक्यांना व भिंतींना तीस-चाळीस वर्षांत अनेक हात दिले गेले, त्यांतील खालचे थर नियमापूर्वीचे असतात. रंगारी आला की सवयीने पॉलिश पेपर घेऊन कोरडेच घासू लागतो आणि सारी खोली बारीक धुळीने भरून जाते. हे होऊ देऊ नये. जुना रंग घट्ट बसला असेल तर त्याला न छेडता वरून नवा रंग द्यावा. फोड आले असतील तर पृष्ठभाग पाण्याने भिजवून ओला असतानाच खरवडावा. जाळून किंवा यंत्राने घासून काढू नये. जमिनीवर प्लास्टिक अंथरावे, खपल्या पिशवीत बांधून टाकाव्यात आणि खोली झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने वारंवार पुसावी. काम चालू असेतोवर मुले व गर्भवती स्त्रिया यांना त्या घरात ठेवू नये. शंका असल्यास मुलाच्या रक्तातील शिशाची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घेता येते.

चुन्याचा हात ऑइल पेंटवर धरत नाही. त्यासाठी जुना पापुद्रा पूर्ण निघावा लागतो. जिथे भिंत मुळातच चुन्याची राहिली आहे, तिथे ती तशीच ठेवणे सर्वांत श्रेयस्कर. चुन्यात रामरज मिसळली की मऊ पिवळा, गेरू मिसळला की विटकरी आणि नीळ घातली की फिकट निळा रंग येतो. ओला चुना त्वचेस व डोळ्यांस दाहक असल्याने भिंत पूर्ण वाळेपर्यंत मुलांना दूर ठेवावे. या रंगांत डोळे दिपविणारा लाल मिळत नाही, हे खरे. पण तो चारही भिंतींवर हवा तरी कशाला?

हा मुद्दा उजेडाशी निगडित आहे. काशीचे घाट पूर्वाभिमुख आहेत. नदीकडील खोलीत सकाळचे ऊन थेट शिरते, तर गल्लीकडील खोलीत भर दुपारीही दिवा लावावा लागतो. लहान खोलीत समोरासमोरच्या भिंती आपला रंग एकमेकींवर फेकतात, त्यामुळे नमुना-पुस्तिकेतील इंचभर चौकटीत गोड दिसणारा लाल प्रत्यक्षात कितीतरी गडद होतो आणि अंधाऱ्या खोलीला आणखी अंधारी करतो. मंद प्रकाशात लाल रंग आधी काळवंडतो व निळा उशिरापर्यंत टिकतो, हे पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदवून ठेवले आहे. रात्रीच्या मिणमिणत्या दिव्यात लाल भिंत मुलाला काळी भासते, ती यामुळेच. गल्लीकडील खोलीला पांढरा किंवा रामरजेचा फिकट पिवळा, आणि नदीकडील खोलीत हवी तर एकच भिंत गडद, एवढे पुरते.

मग बालकाच्या आवडीचे काय? तिला भिंतीपेक्षा हलत्या वस्तूंत अधिक वाव आहे. आज लाल आवडणारे मूल पुढल्या वर्षी निळ्यावर येते; पडदा बदलता येतो, भिंत दरसाल बदलता येत नाही. रंगीत तुकड्यांची गोधडी, उशीचे अभ्रे, सतरंजी, पुस्तकांची फळी यांचे रंग मुलाला निवडू द्यावेत. मात्र दहा नमुने पसरण्याऐवजी दोन-तीन समोर ठेवून. ताराबाई मोडक यांनी मॉन्टेसरी पद्धत भारतीय परिस्थितीत रुजविताना महागड्या साधनांऐवजी परिसरातील साध्या वस्तूंवर भर दिला, तो धडा इथेही लागू पडतो. काशीत लग्नप्रसंगी दारालगत हत्ती, मोर, पोपट रंगविण्याची जुनी प्रथा आहे. मुलाच्या उंचीवर गेरूचा एक पट्टा सारवून त्यावर त्याला खडूने स्वतःचा हत्ती काढू दिला, तर खोली त्याची होते आणि खर्च जवळजवळ शून्य.

काशीची लाखेची लाकडी खेळणी या सजावटीत हवीतच. कातावर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. या कलेला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा. १ जानेवारी २०२१ पासून देशात खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. पण भौगोलिक मानांकन असलेली व नोंदणीकृत कारागिरांची खेळणी त्या सक्तीतून वगळण्यात आली आहेत. म्हणून लाखेत कोणता रंग मिसळला आहे, हे विकत घेणाऱ्यानेच कारागिराला विचारावे, आणि वर वेगळा ऑइल पेंट फासलेले खेळणे तोंडात घालण्याच्या वयाच्या मुलाच्या हाती देऊ नये.

रंग पक्का करण्यापूर्वी हातभर लांबी-रुंदीचा नमुना खुद्द भिंतीवर लावून सकाळी, दुपारी व दिव्याच्या उजेडात, असा तीन दिवस पाहावा. पाहताना मुलालाही सोबत घ्यावे आणि त्याच्या उंचीवर बसून पाहावे.