पोवळ्यांना किती उजेड पुरतो

चि. रेवती हिस,


खाऱ्या पाण्याची टाकी मांडायला घेतलीस आणि दिव्यापाशी येऊन अडलीस, हे तू पाठवलेल्या किमतींच्या यादीवरून कळलं. यादीतला सगळ्यात स्वस्त दिवा टाकीच्या किमतीत येतो, सगळ्यात महाग त्याच्या पाचपट, आणि दुकानदार सांगतो की पोवळी ठेवायची असतील तर वरच्या दोनांतलाच घ्या. माझं मत याच्या उलट आहे आणि ते का, हे नीट सांगते. पहिल्या टाकीला जेवढा आणि जसा उजेड लागतो तो आता स्वस्त झाला आहे. नवशिक्यांची पोवळी उजेड कमी पडून दगावण्यापेक्षा जास्त उजेडाने आणि पाण्याच्या चढउतारांनी दगावण्याची शक्यता अधिक असते. म्हणून साधा, सम पसरणारा आणि विजेच्या दृष्टीने सुरक्षित असा दिवा घे आणि उरलेला पैसा पाण्यावर खर्च कर.

पोवळं हा प्राणी, पण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल वस्तीला असतं. त्याला झूझँथेली म्हणतात. ते प्रकाशावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा पोवळ्याला देतं. काही पोवळ्यांची ऊर्जेची नव्वद टक्क्यांपर्यंतची गरज यातून भागते. उजेड म्हणजे अन्न हे इथवर खरंच आहे. यावरून लोक काढतात तो निष्कर्ष मात्र चुकतो: उजेड दुप्पट केला की अन्न दुप्पट. प्रकाशसंश्लेषण आधी उजेडाबरोबर वाढतं, मग एका पातळीला येऊन थांबतं. त्यापुढचा उजेड वापरला जात नाही, पण शैवालाच्या पेशीवर पडत तर राहतो. त्यातून ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात आणि पोवळं आपल्याच शैवालाला बाहेर टाकू लागतं. त्यालाच पोवळं पांढरं पडणं म्हणतात. लक्षद्वीपची पोवळी 1998, 2010 आणि 2016 साली मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली ती समुद्र तापल्यामुळे; आणि पाणी तापलेलं असताना प्रखर ऊन ही हानी आणखी वाढवतं. दुसऱ्या टोकाला, समुद्रात तीस मीटरपासून सुमारे दीडशे मीटरपर्यंतच्या अंधुक पट्ट्यातही प्रकाशावर जगणारी पोवळी आहेत. आपल्या मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं पाणी पावसाळ्यात गढूळ होतं, तिथेही पोवळी आहेत. उजेडाची भूक जातीजातीची वेगळी असते. वेलदोड्याला उसाच्या शेतातलं ऊन दिलं तर तो जोमाने वाढत नाही, करपतो.

म्हणून दिव्याआधी ठरवायची गोष्ट म्हणजे टाकीत कोण राहणार. इथे उजेडाच्याही आधी कायदा येतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी सगळी कठीण पोवळी आहेत, काळी पोवळी, अग्निपोवळी आणि समुद्रपंखेही आहेत. ज्या अनुसूचीत वाघ आहे तीच ही. तेव्हा चित्रांत दिसणाऱ्या फांद्याफांद्यांच्या अॅक्रोपोराचा विचार सोडून दे, आणि लांब बोटांच्या हॅमर, टॉर्च यांचाही; तीही कठीण पोवळीच. तुझ्यासाठी मशरूम, झोअँथिड आणि लेदर कोरल हे गट योग्य आहेत. तेसुद्धा किनाऱ्यावरून उचललेले नकोत. विक्रेत्याकडे आयातीचे कागद माग, किंवा एखाद्याच्या टाकीत वाढलेल्या पोवळ्याचा तुकडा घे. (झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालायचाच. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं आणि ते फार जहाल विष आहे.) आता योगायोग बघ: ही तिन्ही मंडळी मध्यम किंवा मंद उजेडातली आहेत. कायद्याने जे तुला वर्ज्य आहे त्यातल्याच बऱ्याच पोवळ्यांना महागडे दिवे लागतात.

पण किती उजेड म्हणजे मध्यम? दुकानात वॅट सांगतात. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. किती उजेड देतो आणि तो कुठे पडतो हे त्यावरून कळत नाही. ट्यूबलाइटच्या काळात टाकीच्या आकारमानावरून वॅट काढायचा ठोकताळा होता, एलईडीच्या काळात त्याला अर्थ उरलेला नाही. ल्युमेन आणि लक्स ही मापं माणसाच्या डोळ्याला जुळवलेली आहेत. आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या रंगाला सगळ्यात जास्त दाद देतो आणि गडद निळ्याला फार कमी. त्यामुळे मोबाईलवरचं लक्स मोजणारं अॅप निळ्या दिव्याखाली धरलं तर आकडा हास्यास्पद वाटावा इतका कमी येतो, आणि त्याच वेळी खालचं पोवळं उजेडाने बेजार झालेलं असू शकतं. पोवळ्याच्या कामाचं माप म्हणजे पीएआर: 400 ते 700 नॅनोमीटरमधले प्रकाशकण एका चौरस मीटरवर सेकंदाला किती पडतात, ते मायक्रोमोलमध्ये. उष्ण कटिबंधातल्या भर दुपारच्या उन्हात पाण्याच्या पृष्ठभागावर हा आकडा दोन हजारांच्या घरात जातो. मशरूमला पन्नासच्या आसपास पुरतो, झोअँथिड साठ ते सव्वाशेत खूश असतात, लेदर कोरल शंभर-दीडशेत. तुझी टाकी दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. तिच्या तळाशी पन्नास आणि मधल्या दगडांवर शंभर मिळाले की तुझं काम झालं. बऱ्याच उत्पादकांच्या माहितीपत्रकात वेगवेगळ्या खोलीवरच्या पीएआरचा नकाशा असतो. ज्या दिव्याचा तो कुठेच मिळत नाही तो घेऊ नकोस. पीएआर मोजायचा मीटर विकत घेण्याइतका स्वस्त नाही, एखाद्या जुन्या छंदिष्टाकडून दोन दिवस उसना मिळाला तर बघ. मात्र काही जुने मीटर निळा उजेड कमी मोजतात, तेवढं विचारून घे.

आता स्वस्ताईचं कारण. पाणी लाल रंग आधी शोषून घेतं आणि निळा खोलवर जाऊ देतं, म्हणून पोवळ्यांमधलं शैवाल निळ्या उजेडाला चांगलं सरावलेलं आहे. पूर्वी असा उजेड मिळवायला मेटल हॅलाइडचे तापणारे दिवे किंवा खास निळ्या टी-5 नळ्या लागत, आणि नळ्यांचा रंग उतरला की त्या बदलाव्या लागत. मग प्रखर निळा एलईडी आला. त्याच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना 2014 सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तुझ्या स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या बल्बच्या आतही 450 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा डायोडच असतो, फक्त त्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप असतो. म्हणजे पोवळ्याला हवा तो निळा रंग ही जगभर प्रचंड संख्येने तयार होणारी, स्वस्त वस्तू झाली आहे. महागड्या दिव्यात तू मुख्यतः दुसऱ्याच गोष्टींचे पैसे देतेस: सहा-आठ रंगांचे वेगळे चॅनल, मोबाईलवरून नियंत्रण, ढगांचा आणि विजांचा देखावा, देखणी पेटी, नाव, हमी. यातल्या काही गोष्टी चांगल्या आहेत, पण मशरूमला त्यांची खबर नसते.

यावर तू लगेच विचारशील, मग घरातला पांढरा एलईडी फ्लडलाइटच का नको? पोवळी त्याखाली मरतील असं मी म्हणणार नाही, कारण त्यातही निळा भाग असतो. मात्र तेवढा निळा मिळवायला पिवळा-हिरवा उजेडही भरपूर ओतावा लागतो, टाकी पिवळट दिसते आणि काचेवर नकोसं शेवाळ चढायची शक्यता वाढते. शिवाय ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तो रंग खुलत नाही. झोअँथिडचा एखादा तपकिरी, मळकट वाटणारा झुपका निळ्या उजेडाखाली आणला की त्याची किनार हिरवी पेटते, मधलं तोंड नारिंगी होतं. त्याच्या अंगातली प्रथिनं निळा उजेड घेऊन दुसऱ्या रंगाचा परत देतात. म्हणून निळे आणि पांढरे असे निदान दोन चॅनल असलेला, दोन्ही वेगळे मंद करता येणारा दिवा घे. एवढी सोय स्वस्त दिव्यांतही मिळते. दुसरा सल्ला तुला खिडकीचा मिळेल, की ऊन फुकट आहे. फुकट आहे, पण ते ऋतूप्रमाणे सरकतं, पावसाळ्यात आठवडाभर गायब होतं आणि एप्रिलमध्ये दुपारभर काचेवर येऊन सव्वाशे लिटर पाणी तापवतं. ज्या गोष्टीचा चढउतार तुझ्या हातात नाही तिच्यावर पहिली टाकी उभी करू नये.

स्वस्त दिव्यात जिथे खरोखर खोट असते ते सांगते, कारण काटकसर तिथे करायची नाही. बाहेरची पेटी बघू नकोस, ड्रायव्हर (डायोडना वीज पुरवणारा भाग) आणि जोडण्या बघ. मिठाचं पाणी सतत बारीक उडत असतं. काही आठवड्यांत दिव्याच्या कडेला मिठाची पांढरी खपली धरते, ती स्क्रूच्या खाचेत शिरते, आणि पत्रा हलका असेल तर गंज तिथून सुरू होतो. ड्रायव्हर दिव्यापासून वेगळा असेल तर तो टाकीपासून लांब टांगता येतो, तसाच घे. वायरीला प्लगच्या खाली झोळ दे, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही. आणि टाकीच्या सगळ्या विजेला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा खटका, बसवून घे. हा खर्च दिव्याच्या खर्चात धरायचा, तो वाचवून चांगला दिवा घेतला असं होत नाही. दुसरी खोट पसरण्याची. एकाच ठिकाणी दाटलेले डायोड आणि त्यावर अरुंद लेन्स असली की मधोमध तीनशे आणि कोपऱ्यात वीस अशी तऱ्हा होते. तुझ्या टाकीला एका जबर दिव्यापेक्षा दोन लहान दिवे, एकेक फुटावर, पाण्यापासून आठ-दहा इंच वर टांगलेले जास्त बरे. सावल्या कमी पडतात, आणि एक बिघडला तर दुसरा असतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप तुझ्या बाबांचा असेल, त्यांचा हिशेब पक्का असतो: एकदाच चांगलं घ्यावं, मोठा दिवा घेऊन मंद करून वापरावा, दोनदा खर्च कशाला. इतर बाबतींत मीही हेच म्हणते. इथे मात्र तो मोठा दिवा ज्या पोवळ्यांसाठी आहे ती तुला ठेवायचीच नाहीत, म्हणजे पुढच्या गरजेचा प्रश्न मुळात उरत नाही. आणि हाताशी असलेली ताकद वापरल्याशिवाय राहवत नाही. पोवळं आठ दिवस मिटून राहिलं की नवशिक्याचा हात पहिला दिव्याच्या बटणाकडे जातो, खरं तर दोष बहुतेकदा पाण्यात असतो. वाचलेल्या पैशात चांगलं मीठ, आरओचं पाणी, क्षारता आणि नायट्रेट तपासायचे संच आणि एक जादा प्रवाहाचा पंप येतो. यातली प्रत्येक वस्तू तुझ्या पोवळ्यांना त्या जादा वॅटांपेक्षा जास्त उपयोगी आहे. विजेचंही बघ. शंभर वॅट दहा तास म्हणजे रोजचं एक युनिट, महिन्याला तीस. अडीचशे वॅटचा मेटल हॅलाइड कोणी फुकट दिला तरी आठ तासांत रोज दोन युनिटं खाईल, आणि त्याने तापवलेलं पाणी थंड करायला आणखी वेगळी. हां, मंद करता येणारा चांगला दिवा कोणी निम्म्या किमतीत विकत असेल, तर तो जरूर घे, माझी हरकत नाही.

दिवा आल्यावर पहिले दोन आठवडे तो तीस टक्क्यांवरच ठेव, मग दर आठवड्याला पाच-दहा टक्क्यांनी वाढव. रोज आठ तास, टायमरवर. हाताने लावायचा-बंद करायचा नाही. नवीन पोवळं आधी तळाशी ठेवायचं आणि तिथे उघडलं तरच वर न्यायचं. उजेड कमी आहे की जास्त हे ते स्वतः सांगतं. झोअँथिडचे देठ लांबून उजेडाकडे ताणले जाऊ लागले तर त्यांना आणखी हवा आहे. मशरूमची चकती आक्रसली, कडा आत वळल्या, रंग फिका पडू लागला तर त्याला आधीच जास्त झाला आहे. मशरूम तर कधीकधी दगडाची पकड सोडून सावलीत सरकतं. असं काही दिसलं तर एकच बदल कर आणि दहा दिवस थांब. एप्रिल-मे महिन्यांत पाणी 28 अंशांच्या वर जाऊ लागलं तर पंख्याची झुळूक पाण्यावर सोड आणि दिवा वीस टक्क्यांनी उतरव. तापलेल्या पाण्यात कमी उजेड ही पोवळ्याला मिळणारी सवलत आहे, आणि दोन महिने कमी उजेडाने तुझ्या मंडळींचं काही बिघडत नाही.

पैसे देण्याआधी मला तीन गोष्टी कळव: वाळू घातल्यावर पाण्याची खोली किती उरते, दिवा टांगायला छताला हूक आहे की टाकीवर कंस बसवावा लागेल, आणि तू निवडलेल्या दिव्याचा पीएआरचा नकाशा. आईला सांग, मी विचारलं म्हणून.

तुझी,
मावशी